मूठभर मातीसाठी, काका

काका, सादर नमस्कार.

आईचं मे फ्लॉवर फुललं! चार दिवस हळूहळू उमलत होतं, आज सकाळी पूर्ण गोल झालं. माझ्या ओंजळीत जेमतेम मावेल एवढा लालभडक चेंडू, आणि प्रत्येक केसराच्या टोकाला पिवळा ठिपका. चहा गॅसवर तसाच ठेवून मी गॅलरीत फरशीवर बसून राहिले. पहिली हाक तुम्हालाच मारावीशी वाटली, पण तुमच्या दाराला आता कुलूप. गावी गेल्यापासून तुमचा फोनही लागत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

आई गेली त्याला येत्या कार्तिकात तीन वर्षं होतील. तिच्या मागे ही कुंडी माझ्याकडे आली. वीस वर्षं ती दर मे महिन्यात न चुकता फुलली होती. वळवाचा पहिला शिडकावा झाला की आधी फुलाचा दांडा, मग पानं. त्या थंडीत पानं पिवळी पडून गळली आणि माझा धीरच सुटला. मी रोज सकाळी पाणी घालत राहिले. आईचं झाड माझ्या हातून जातंय, एवढंच डोक्यात होतं. पानं गळणं म्हणजे त्याचं झोपणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई सांगायला नव्हती.

मी विचारलं नाही असं नाही. एका रोपवाटिकेत कुंडीकडे नीट न बघताच ‘मेलंय, फेका, नवीन घेऊन जा’ असं सांगितलं. दुसरीकडे खत आणि बुरशीचं औषध गळ्यात मारलं, वर पाणी वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. तो मे महिना कोरडा गेला. नुसती दोन मरतुकडी पानं आली आणि तीही दिवाळीपर्यंत गेली. राग झाडाला फूल न आल्याचा नाही. ‘आईचं आहे हो’ असं मी दोन्हीकडे सांगितलं होतं आणि दोन्हीकडे ते ऐकून न ऐकल्यासारखं झालं, त्याचा आहे. तो अजून गेलेला नाही.

मग ती फेब्रुवारीतली सकाळ. कुंडी कचऱ्याच्या डब्याकडे न्यायला मी जिना उतरत होते आणि तुम्ही दुधाची पिशवी घेऊन वर येत होतात. ‘वहिनींची ना ही?’ एवढंच विचारलंत. मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही दूध पायरीवर ठेवलंत आणि तिथेच उकिडवे बसलात. बोटांनी माती उकरून झाडाचा कांदा बाहेर काढलात आणि माझ्या हातात दिलात. ‘दाबून बघ. बाजारात कांदा बघतेस तसा.’ एक बाजू लिबलिबीत झाली होती, पण दुसरी टणक होती. ‘निम्मा आहे अजून. सुदर्शनाचं भावंड आहे हे, चिवट असतं,’ म्हणालात.

पुढे कापणं, हळद लावणं, सावलीत सुकवणं, सगळं तुम्हीच केलंत. ते मी इथे लिहीत बसत नाही. मला सांगायचं आहे ते मातीचं. कुजकी माती मी पिशवीत भरायला लागले तर तुम्ही माझा हात धरलात. ‘अगं थांब. त्यांच्या हातची आहे.’ खिशातून घडी घातलेला पांढरा स्वच्छ रुमाल काढलात, कडेची त्यातल्या त्यात बरी माती मूठभर त्यात घेतलीत आणि गाठ मारलीत. आठ दिवस ती तुम्ही गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात तापवलीत. नव्या कुंडीत वाळू, शेणखत, माती भरून झाल्यावर तो रुमाल माझ्यापुढे धरलात. ‘ही तू घाल.’

त्या क्षणी मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळेपणी रडले. तुम्ही पाठ फिरवून कठड्यापाशी हात झटकत उभे राहिलात. काहीही बोलला नाहीत, त्याचेही उपकार आहेत.

‘यंदा रुसेल, पुढच्या मेमध्ये बघ,’ असं बजावलं होतंत. तसंच झालं. गेल्या वर्षी फक्त पानं आली, पण ती रुंद, हिरवीगार. तुमच्या सांगण्याप्रमाणे कांद्याची मान मातीच्या वर ठेवली. पानं पिवळी पडली तशी पाणी तोडलं आणि सगळी थंडी कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवली. हात शिवशिवायचा, पण कांद्याच्या मांसल पापुद्र्यांत त्याची शिदोरी भरलेली असते, हे तुमचं वाक्य आठवायचे आणि तांब्या खाली ठेवायचे.

या झाडाविषयी मग मी बरंच वाचलं. मूळचं आफ्रिकेतलं आहे. शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुष्कळ फुलांचं. खरोखरच हे एक फूल नव्हेच, एकेका चेंडूत शंभर-दोनशे इवली फुलं असतात. कांदा विषारी असतो, म्हणून शेजारच्या छोटीला लांबूनच दाखवलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त पाणी कधी थांबवायचं ते ठाऊक होतं, आणि तुम्हाला.

कुणाच्या मेलेल्या माणसाची माती जपायला आपला धुतलेला रुमाल काढणारी माणसं आपल्या जिन्यात राहत होती, हे मला कितीतरी आधी कळायला हवं होतं. आपण पंधरा वर्षं नुसते ‘काय, बरं ना?’ म्हणत एकमेकांना ओलांडत होतो.

आणखी एक, काका. दांड्याच्या शेजारी एक छोटं पान वेगळं वर आलं आहे. कांद्याला पिल्लू झालंय. आत्ता हलवत नाही. थंडीत झोपलं की वेगळं काढीन आणि कोकणात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवीन. पडवीत ठेवा, पागोळ्या पडतात तिथे नको. तुमचा रुमाल माझ्याकडेच राहिला आहे, धुऊन ठेवलाय. कुंडीतली मूठभर माती त्यात बांधून सोबत देते.