टर्बाइन पोहोचले, सिमेंट पोहोचले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काबूलमधील आपल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झाला. तेव्हापासून ‘अफगाणिस्तानात एवढा पैसा घालून जगाला काय मिळाले?’ असा सूर वारंवार ऐकू येतो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षे कालव्यांवर काढल्यामुळे असेल, मला याचे उत्तर एका धरणात दिसते.

हेलमंद प्रांतातील काजकी धरण 1950 च्या दशकात बांधले गेले. 1970 च्या दशकात अमेरिकी मदतीने तेथे वीजनिर्मितीची दोन टर्बाइन बसली, मधली तिसरी जागा रिकामी राहिली. ती भरण्यासाठी ऑगस्ट 2008 च्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या पुढाकाराने मोठी मोहीम निघाली. सुमारे दोनशे टनांचे सुटे भाग, शंभरेक वाहनांचा ताफा, बंदोबस्ताला हजारो सैनिक, आणि वाट तालिबानच्या मुलखातून. यंत्र पोहोचले, कौतुक झाले. मात्र ते बसवायला शेकडो टन सिमेंट लागणार होते आणि त्याचे ट्रक जातील इतका रस्ता नंतर सुरक्षित राहिलाच नाही. ते भाग धरणाशेजारी वर्षानुवर्षे पडून होते. टर्बाइन फिरले ते 2016 मध्ये! साइटवर सिमेंटच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या कुणालाही हे वाचून पोटात तुटेल. सैन्याने चार दिवसांपुरती वाट मोकळी केली होती. धरणाला ती रोज लागत होती.

म्हणून सैन्य नकोच, असे मी म्हणत नाही. झरंज ते देलाराम हा 218 किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला, तो पहाऱ्यातच. 2005 मध्ये संघटनेच्या एका चालकाचे अपहरण करून त्याला ठार मारण्यात आले, तरी काम थांबले नाही आणि 2009 मध्ये रस्ता अफगाणिस्तानच्या हाती दिला गेला. हेरात प्रांतात हरिरूद नदीवर 42 मेगावॉटचे सल्मा धरण आपण 2016 मध्ये पूर्ण केले. त्याच्या राखणीत अफगाण पोलिसांचे जीव गेले. बंदूक नसती तर यातले काहीच उभे राहिले नसते. पण तेथे बंदुकीकडे राखणीचे काम होते. गावाला काय द्यायचे, हे ती ठरवत नव्हती.

अमेरिकेच्या मोहिमेत हेच उलटे झाले. मदतीचा पैसा थेट लष्करी कमांडरांच्या हाती गेला; पैसा हेही एक शस्त्र आहे, असे त्यांना मार्गदर्शिका छापून शिकवले गेले. गणवेशातल्या माणसाने बांधून दिलेली शाळा घेतली की गाव त्याच्या बाजूचे ठरते आणि रात्री तालिबान जाब विचारायला येतो. शिवाय वर्षअखेर निधी खर्ची पडलाच पाहिजे. मार्चमधली ती घाई आपल्याकडे मी पुरेशी पाहिली आहे: ठेकेदाराचे बिल निघते, इमारत उभी राहते, मास्तर मात्र येत नाही. अमेरिकेने पुनर्बांधणीच्या खात्यावर सुमारे 145 अब्ज डॉलर खर्च केले, त्यातले निम्म्याहून अधिक अफगाण सैन्य आणि पोलिसांवर. त्या सैन्याची विमाने, हेलिकॉप्टर परदेशी कंत्राटदारांच्या दुरुस्तीवर उडत होती. कंत्राटदार निघून गेले आणि ऑगस्ट 2021 मध्ये काही दिवसांत सारे कोसळले. देखभालीचा विचार नसलेल्या कालव्याचीही हीच गत होते.

एक काम मात्र याच काळात नीट झाले. 2003 पासून अफगाण सरकारच्या ग्रामविकास खात्याने गावोगावी निवडून आलेल्या परिषदांना थेट निधी दिला आणि विहीर हवी की रस्ता, हे गावावर सोडले. आपल्या ग्रामसभेसारखेच. नाशिकजवळ वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी पाणी स्वतः वाटायला घेतले, त्यानंतर कालव्याच्या शेपटाच्या, म्हणजे अगदी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत ते कसे पोहोचू लागले, हे मी पाहिले आहे. त्यामुळे त्या परिषदांचे मला नवल वाटत नाही.

आता भारत तेथे पुन्हा नवे प्रकल्प घेणार आहे. त्याआधी सल्माची यंत्रे, झडपा, कालवे यांच्या देखभालीसाठी दरवर्षीची तरतूद व्हावी. हेरातच्या तरुणांच्या तुकड्या छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मीत (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत) शिकायला आणाव्यात. तालिबानने मुलींचे सहावीपुढचे शिक्षण आणि विद्यापीठे बंद केली आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आणि व्हिसा हवेतच. 2021 मध्ये आपण अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले, त्यात पुण्यासारख्या शहरांत शिकणारी आणि त्या वेळी मायदेशी अडकलेली मुलेही भरडली गेली. ती चूक अजून सुधारता येईल. शिकवायला माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारखे निवृत्त अभियंते मानधनाशिवाय येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता, नाशिक