सापडलेले पद्मटंक आटवले जाऊ नयेत म्हणून

मा. संपादक,

अधूनमधून पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते, घराचा पाया खणताना नाहीतर शेतात सोन्याची नाणी सापडली, वाटणीवरून भांडण झालं म्हणून पोलिसांना कळलं, आणि तोवर निम्मी सोनाराने आटवून पण झाली होती. वाचून जीव तुटतो.

त्यात देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक असू शकतात हो! ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पावणेचार ग्रॅमच्या आसपास सोन्याची चकती, मधोमध कमळ, कमळाच्या दोन्ही बाजूंना कन्नड-तेलुगू वळणाचा श्री, शंख, आणि नागरीत राजाचं नाव, सिंघण, महादेव किंवा राम म्हणजे आपला रामदेवराय. आणि हे सगळं एका साच्यातून छापलेलं नाही, एकेका चिन्हाचा वेगळा ठसा हातोडीने ठोकलेला असतो, म्हणून नाणं बशीसारखं जरा खोलगट होतं आणि मागची बाजू कोरी राहते. नीट बघितलं तर एक ठसा दुसऱ्याच्या कडेवर चढलेला पण दिसतो.

शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तिच्या शेवटी माउलींनी ज्या रामचंद्र राजाचं नाव घेतलंय त्याचंच हे नाणं. १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, राजाने खंडणीत प्रचंड सोनं दिलं, तरी पुढच्या वीस-बावीस वर्षांत राज्यच संपलं. अशा धामधुमीत लोक सोनं मडक्यात घालून पुरायचे. मडक्यातलं सगळ्यात नवं नाणं कोणत्या राजाचं यावरून ते साधारण कधी पुरलं ते कळतं, आटवलं की तो पुरावा कायमचा गेला.

पण नुसतं शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग, आपला गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवायचं, नाही कळवलं तर शिक्षा, आणि सरकारने ते ठेवून घेतलं तर मोबदला किती, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा! म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या नाण्याला जवळपास सोन्याचाच भाव. तिकडे इंग्लंडमध्ये म्युझियमने सापडलेलं धन घेतलं तर बाजारभावाने पैसे मिळतात, म्हणून लोक आपणहून येऊन दाखवतात. आणि जुन्या नाण्याला बाजारात काय भाव येतो बघा, २०२१ ला तिथल्याच डेव्हनच्या शेतात तिसऱ्या हेन्री राजाचं १२५७ चं सोन्याचं नाणं सापडलं, ते लिलावात ५ लाख ४० हजार पाउंडला गेलं.

आपल्याकडे पण मोबदला नाणं म्हणून ठरवा, सोनं म्हणून नको, आणि नियम काय आहेत ते तलाठी ऑफिसच्या बोर्डावर साध्या मराठीत लावा. आणि कुणाला काही सापडलंच तर चिंच-लिंबाने घासू नका, आहे तसा फोटो काढा आणि मडक्याचे तुकडे पण फेकू नका, ते पण तितकेच कामाचे असतात.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर