यूयूआयडी म्हणजे निव्वळ यदृच्छ मालिका नव्हे

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात यूयूआयडीचे, म्हणजे संगणकातील फायली, नोंदी वगैरेंना दिल्या जाणाऱ्या एकमेव ओळखक्रमांकाचे, वर्णन ‘छत्तीस अक्षरांची यदृच्छ मालिका’ असे केले आहे. ते अपुरे असून त्यातून होणारा गैरसमज निरुपद्रवी नाही, म्हणून हे पत्र.

हा ओळखक्रमांक १२८ बिटांचा (म्हणजे १२८ शून्य-एकांचा) असतो. षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ ही सोळा चिन्हे) त्याचे ३२ अंक होतात आणि ८-४-४-४-१२ अशा पाच गटांमधल्या चार रेघा धरून ३६ चिन्हे भरतात. तिसऱ्या गटाचा पहिला अंक क्रमांकाचा प्रकार सांगतो, तर चौथ्या गटाच्या आरंभी प्रचलित रचनेत ८, ९, ए किंवा बी यांपैकीच एक चिन्ह येते. त्यामुळे सर्रास वापरल्या जाणाऱ्या चौथ्या प्रकारातही यदृच्छ बिट १२२च उरतात.

पहिल्या प्रकारात तर यदृच्छ असे फारसे काही नसतेच. १५ ऑक्टोबर १५८२ या दिवसापासून, म्हणजे ग्रेगोरियन पंचांग अमलात आले तेव्हापासून, शंभर नॅनोसेकंदांच्या मापाने मोजलेला काळ त्यात ६० बिटांत साठवतात आणि शेवटचे बारा अंक बहुधा संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता असतात. क्रमांक कधी आणि कोणत्या यंत्रावर तयार झाला, हे त्यामुळे जाणकाराला वाचता येते. १९९९ साली मेलिसा या संगणक-विषाणूच्या तपासात वर्डच्या फायलींमधल्या अशाच क्रमांकाची मदत झाली होती. गंमत म्हणजे काळाचा सर्वांत वेगाने बदलणारा भाग यात सुरुवातीला येतो, त्यामुळे असे क्रमांक चढत्या क्रमाने लावले तरी कालक्रम जुळत नाही. मे २०२४च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात आलेल्या सातव्या प्रकारात पहिले ४८ बिट १९७०पासूनच्या मिलिसेकंदांना दिले आहेत, आणि डेटाबेसच्या दृष्टीने ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

माझ्या पाहण्यातील एका संस्थेने गुणपत्रिकांच्या दुव्यांत पहिल्या प्रकारचे क्रमांक घातले आणि ‘ते कोणाला ओळखता येणार नाहीत’ या भरवशावर पासवर्डच ठेवला नाही. लागोपाठ तयार झालेल्या दोन दुव्यांत पहिल्या गटातील शेवटचे काही अंकच तेवढे वेगळे होते. वास्तविक, यूयूआयडीचा अंदाज बांधणे अवघड असते असे गृहीत धरू नये, ही सूचना २००५च्या आरएफसी ४१२२मध्येच दिलेली आहे. दुरुस्ती छापताना तिचाही उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त संगणक-अध्यापक, सांगली