वही वाचून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मेंढ्यांच्या सामाईक कळपासाठी आपण दिलेल्या निधीचा दुसरा हप्ता मागील आठवड्यात जमा झाला. पोचपावती आणि खर्चाचे विवरण रीतसर रवाना केले आहे, परंतु त्या कागदांत आभाराचा रकाना नव्हता, म्हणून हे पत्र चार लोकांना वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे.

मांजरा नदी ज्या बालाघाटाच्या माथ्यावर उगम पावते, तेथील मुरमाड माळावर आमचे गाव आहे. पाऊस बरा झाला तर येथे पवन्या आणि मारवेल गुडघ्याला लागतो. चराई अति झाली की नुसती कुसळी उरते. काळवीट, खोकड, लांडगा आणि मेंढपाळ हे सगळे याच गवतावर जगत आले आहेत. असे असूनही सरकारी नकाशांत अशा माळांची गणना बहुधा पडीक जमिनीत होते, आणि जमीन एकदा पडीक ठरली की तिच्यावर काहीही करायला सगळे मोकळे होतात.

आपल्या आधी आम्ही बरीच दारे ठोठावली. एका कार्यालयात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘झाडे किती लावणार?’’ या माळाला झाडे नकोत, गवताची राखण हवी आहे, शेजारच्या माळावर गिरीपुष्पाची लागवड झाल्यापासून तिकडे काळवीट फिरकत नाही, असे आम्ही परोपरीने सांगितले. त्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुसऱ्या एका संस्थेने आम्हाला शहरातील हॉटेलात कार्यशाळेला बोलावले, आमच्या दोन मेंढपाळांना फेटे बांधून त्यांची छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर आमच्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही. ती छायाचित्रे त्यांच्या अहवालात झळकली, एवढे मात्र आम्हाला कळले. परदेशी मदतीसाठी लागणाऱ्या नोंदणीची कहाणी येथे सांगत बसत नाही. परकीय निधीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीपासून अशा मदतीचे पहिले खाते दिल्लीतच काढावे लागते, यावरून माळावरच्या माणसाची किती धावपळ झाली असेल हे आपण जाणताच.

आमची कल्पना साधी होती. लांडग्याने कोकरू नेले की मेंढपाळाला भरपाई मिळू शकते, परंतु पंचनामा होईपर्यंत त्याचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरता तळ, दोन गावे पुढे गेलेला असतो. मग राग निघतो तो लांडग्यावर, आणि उरलेल्या मांसात विष कालवले जाते किंवा पिलांच्या बिळात धूर केला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे, हे खरे; पण रात्री वाड्याभोवती कायदा जागत नाही. म्हणून आम्हाला मेंढ्यांचा एक सामाईक कळप हवा होता, म्हणजे ज्याचे कोकरू जाईल त्याला त्याच आठवड्यात कोकराच्या बदली कोकरू देता येईल. आपल्या अर्जात ‘‘यात नावीन्य काय?’’ असा रकाना होता. तो भरताना मला संकोच वाटला, कारण अडल्यानडल्याला कळपातून जनावर देण्याची रीत आमच्या आजोबांनाही ठाऊक होती.

आपण स्वतः आलात ते ऐन मे महिन्यात. आम्ही सरपंचांकडून खुर्ची मागवली होती. ती दिवसभर बाभळीखाली रिकामीच राहिली. आपण वाड्यातील मावशींजवळ घोंगडीवर बसलात आणि त्यांनी सांगितलेली, तीन कोकरे नेणाऱ्या लांडगीची हकिगत वहीत उतरवून घेतलीत. आजवर आमच्याकडे लिहून घेणारे पुष्कळ आले. आपण मात्र लिहून झाल्यावर वही मिटली नाहीत. सगळे पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवलेत आणि विचारलेत, ‘‘मावशी, बरोबर लिहिलंय का?’’

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. त्यांचे बोलणे त्यांना कोणी परत ऐकवले, असे साठ-पासष्ट वर्षांत बहुधा प्रथमच घडत होते. मग म्हणाल्या, ‘‘समदं बरोबर हाय लेकी, पर ती लंगडी व्हती, ते ऱ्हायलं की.’’ आपण तेथेच, ओळीच्या वर बारीक अक्षरांत ‘लंगडी’ हा शब्द घातलात आणि ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलेत. पैसे मंजूर होतील की नाही, हे त्या वेळी आपल्यालाही ठाऊक नव्हते. पण मला विचाराल तर आमचे काम त्याच क्षणी मार्गी लागले, कारण ‘‘असले लई येतात’’ म्हणून वाड्याबाहेर उभे असलेले दोघे तरुण त्यानंतर आत येऊन बसले. माणसाला त्याचे म्हणणे नीट ऐकले गेले एवढे कळले, की तो पुढचे बरेच काही सोसायला तयार होतो. देणाऱ्यांमध्ये हा साधा सभ्यपणा इतका दुर्मीळ का असावा, हे मला अजून उमगलेले नाही.

सगळे सुरळीत चालले आहे असे म्हणणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात सामाईक कळपातील काही मेंढ्या रोगाने दगावल्या, आणि पाळीने माळ राखण्यावरून दोन वाड्यांत अबोला आहे. पण गेल्या हंगामात कोकरू गमावलेल्या कोणीही विष आणल्याचे कानावर आले नाही. मावशींना स्वतःला एक काळे कोकरू मिळाले असून त्याचे नाव त्यांनी आपल्यावरून ठेवले आहे. आपण रागावणार नाही, अशी खात्री त्यांनीच मला दिली.

दिवाळीनंतर गवत कापणीला येते, तेव्हा सवडीने यावे. येताना ती वही अवश्य आणावी. तीत आणखी दोन ठिकाणी दुरुस्ती करायची आहे, असा मावशींचा निरोप आहे.

आपला नम्र,
बालाघाटावरील एक कार्यकर्ता