थंडीच्या अंदाजाशेजारी हवेचा दर्जाही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवार-रविवारी उत्तरेकडून कोरडे, गार वारे येणार असून मुंबईचे किमान तापमान खाली उतरेल, असा अंदाज आपल्या अंकात वाचला. ऑक्टोबरची काहिली सोसल्यानंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटणे हे मुंबईकराचे मोठे सुख आहे आणि ती बातमी ठळक छापली जावी हे योग्यच आहे. परंतु त्या बातमीत एक माहिती नसते, आणि ती नसल्यामुळे आजारी व वृद्ध माणसांना त्रास होऊ शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या यजमानांना दम्याचा विकार आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत थंडीचा अंदाज वाचून आम्ही दोघे उत्साहाने पहाटे पावणेसहा वाजता फिरायला निघालो. थंडी बाधू नये म्हणून स्वेटर आणि कानटोपी घेतली होती. हवेचा विचार मनात आला नव्हता. अर्ध्या तासात त्यांना धाप लागली, रिक्षाने घरी आणावे लागले आणि पुढचे चार दिवस नेब्युलायझरवर काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितले, की या दिवसांत ऊन वर आल्याशिवाय बाहेर पडू नका. हे आम्हाला आधी कळायला हवे होते, ही खंत अजून जात नाही.

यामागचे कारण आपण सगळे शाळेच्या भूगोलात शिकलेलो आहोत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पावसाळ्यात नैऋत्येचा जोरदार वारा आणि पाऊस शहराची हवा धुऊन काढतात. मोसमी पाऊस परतल्यावर, म्हणजे साधारण ८ ऑक्टोबरनंतर, हा आधार संपतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली, की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते, तिच्या लगतचा हवेचा थर गार होतो आणि त्याच्या वर तुलनेने उबदार हवा राहते. गार हवा जड असल्यामुळे वर जात नाही आणि मंद मतलई वाऱ्यांत तिला हलवण्याचा जोर नसतो. त्यामुळे बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांचा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर हे सारे, झाकण ठेवलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखे, आपल्या नाकातोंडाच्या उंचीवर कोंडून राहते. नऊ-दहा वाजता उन्हाने जमीन तापू लागली की हे झाकण सुटते आणि दुपारी खारे वारे आले की हवा पुष्कळशी मोकळी होते. म्हणजे किमान तापमान ज्या वेळी नोंदले जाते, साधारणतः ती सूर्योदयाच्या आगेमागेची वेळच श्वास घेण्यासाठी वाईट असू शकते. बातमी मात्र वाचकाला नेमके त्याच वेळी बाहेर पडण्याचा मोह घालते.

हवा मोजण्याची सोय नाही असेही नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या प्रकल्पाची केंद्रे मुंबईत अनेक ठिकाणी आहेत. हवेचा निर्देशांक १०१ ते २०० असेल तर हवा मध्यम, २०१ ते ३०० असेल तर वाईट आणि ३०१ ते ४०० असेल तर अतिवाईट मानली जाते. एवढे तीन शब्द तापमानाच्या आकड्याशेजारी छापायला बोटभर जागा पुरेल. आज ही माहिती फार तर आतल्या पानावर, प्रदूषणाची वेगळी बातमी म्हणून येते, आणि थंडीची बातमी वाचणारा तिथवर पोहोचतोच असे नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी. आपण कुलाबा आणि सांताक्रूझ या दोनच वेधशाळांचे आकडे देता. कुलाब्याच्या तिन्ही बाजूंना समुद्र असल्यामुळे तेथील रात्र उबदार राहते. सांताक्रूझला पारा त्याहून खाली जातो. आणि आमच्या मुलुंडची, बोरिवलीची किंवा आरे परिसराची पहाट या दोन्हींपेक्षा निराळी असते. महापालिकेची स्वयंचलित हवामान केंद्रे शहरभर आहेत, त्यांतील उपनगरांचे चार-पाच आकडे तरी द्यावेत. दुसरे म्हणजे, ‘थंडीची लाट’ हा शब्द जपून वापरावा. किनारपट्टीसाठी हवामान विभागाचा निकष असा आहे, की किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी असावे आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेले असावे. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, ती खरी लाट. कार्तिकातल्या विशीच्या आकड्याला तो शब्द लावला, तर जानेवारीत खरोखर इशारा द्यायची वेळ येईल तेव्हा पदपथावर झोपणाऱ्यांसाठी धावून जाणाऱ्या संस्थाही तो गांभीर्याने घेणार नाहीत.

शिवाय सकाळचे फिरणे आम्ही पुढे ढकलू शकतो, पण ज्यांचे कामच पहाटेचे आहे त्यांना ती सवड नाही. अंधारात रस्ते झाडणारे सफाई कामगार, दूध पोहोचवणारे, आणि आपलेच अंक रेल्वे स्थानकाबाहेर गठ्ठे सोडून लावणारे विक्रेते याच कोंडलेल्या हवेत दोन-तीन तास राबतात. झाडण्यापूर्वी रस्त्यावर पाणी शिंपडावे आणि या कामगारांना चांगले मास्क द्यावेत, असा आग्रह आपल्या वृत्तपत्राने महापालिकेकडे धरावा.

या शनिवारच्या अंकातच, किमान तापमानाच्या शेजारी त्या पहाटेच्या हवेच्या दर्जाचा अंदाज आणि ‘दमा व हृदयविकार असलेल्यांनी नऊनंतर बाहेर पडावे’ अशी एक ओळ छापता आली, तर फार बरे होईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, मुलुंड (पूर्व)