चिंचिलाच्या फोटोशेजारी तापमानही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वेगळ्या पाळीव प्राण्यांवरच्या पानात चिंचिला या उंदराच्या जातकुळीतल्या, मऊ केसांच्या छोट्या प्राण्याचा सुंदर फोटो होता. खाली ओळ होती, ‘शांत, वास न येणारा, फ्लॅटमध्ये सहज रमणारा.’ पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरीसाठी हे पत्र. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन येणाऱ्या घरात, मी हा प्राणी चार वर्षं सांभाळतो आहे.

तो हौसेनं आणलेला नाही, गळ्यात पडला. पुतणी शिकायला जर्मनीला गेली आणि जाताना पिंजरा, वाळल्या गवताची पिशवी आणि ‘चिंगी’ आमच्याकडे ठेवून गेली. “काका, हिचा काही त्रास नाही.” चौतीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. ‘काही त्रास नाही’ असं कुणी म्हणालं की माझा हात आपोआप नोटा दुसऱ्यांदा मोजायला जातो. तेव्हा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी चिंगीचं वजन करून वहीत मांडू लागलो. आमची ही हसायची.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. देखभालीसाठी वीज दहा ते तीन बंद राहणार, असा मेसेज आला होता. आमचा इन्व्हर्टर पंखा चालवतो, एसी नाही. पंखा आहे ना, म्हणून मी निर्धास्त. चिंचिलाला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याचा त्याला जवळपास काहीच उपयोग नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

साडेबाराला पिंजऱ्याची कडी वाजवली तरी तिचे कान हलले नाहीत. हा प्राणी दिवसा झोपतोच, त्यामुळे झोपलेला आणि निपचित पडलेला यांत नवखा माणूस हमखास फसतो. मी वाकून पाहिलं. ती कुशीवर आडवी, कान लालबुंद, श्वास भरभर, हनुवटी लाळेनं ओली. तिला उचलणार तोच मान मागे गेली, पाय सायकल मारल्यासारखे हलू लागले. आकडीच.

घरात एकच गोंधळ. ही कांदा फोडून घेऊन आली, हुंगवायला. शेजारच्या वहिनींनी ड्रॉपर आणि ग्लुकोजचं पाणी आणलं. मी बर्फ काढायला धावलो. तिघांचाही हेतू चांगला होता आणि तिघंही चुकत होतो. बरं झालं, मी आधी फोन लावला. गल्लीतल्या प्राण्यांच्या दवाखान्यानं सरळ सांगितलं, “आम्ही कुत्री-मांजरंच बघतो.” तो प्रामाणिकपणा मला आवडला. ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर त्यांनीच दिला.

बाई फोनवर म्हणाल्या, झटके चालू असताना तिला धरू नका, तोंडात थेंबभरही काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. फळ्या-बिळ्या काढा, पडून लागायला नको. अंधार करा, गप्प बसा, घड्याळ लावा आणि जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. झटके चाळीस सेकंद टिकले. मोजण्याची सवय इथे कामी आली. झटके थांबल्यावर तिला गार फरशीवर ठेवून साध्या गार पाण्यात भिजवलेल्या पंचानं फक्त कान आणि तळपाय पुसत राहायचं होतं. बर्फ नाही, अंगावर पाणी ओतणं तर मुळीच नाही. या प्राण्याच्या एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस उगवतात, एकदा भिजले की लवकर वाळत नाहीत. अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून.

मग एसी टॅक्सीनं ठाणे. ऑक्सिजन, झटक्यांचं इंजेक्शन, कातडीखाली सलाइन. निदान उष्माघाताचं. तरी बाईंनी रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासलं, दात-कान पाहिले, कुठून पडली होती का, खिडकीचा जुना रंग कुरतडते का (जुन्या रंगात शिसं असू शकतं), हेही विचारलं. आकडीमागे यातलं काहीही असू शकतं म्हणाल्या. घरात कुणाच्या ओठावर ‘जर’, म्हणजे तापाचा फोड, उठलाय का, या प्रश्नावर मी चक्रावलो. माणसाला तो फोड आणणाऱ्या विषाणूनं चिंचिलाच्या मेंदूला सूज आल्याची उदाहरणं आहेत म्हणे.

मुळात हा चिलीकडच्या अँडीज पर्वतातला, थंड कोरड्या डोंगरातला जीव. १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्यानं डझनभर चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, तेव्हा जहाजावर त्यांच्यासाठी बर्फाची सोय केली होती. शंभर वर्षांनी आमच्याकडे हेच प्राणी एप्रिलच्या दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यातून विकले जातात. पंचवीस अंश सेल्सियसच्या वर पारा गेला की यांना धोका सुरू. पाळणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज दीडशेच्या खाली ठेवायची. डोंबिवलीच्या मे महिन्यात ९५ अधिक ६० म्हणजे १५५. घरी बसून करून पाहा. तेव्हापासून चिंगीला गार बसायला फ्रीजमध्ये कडप्प्याचा एक तुकडा कायम असतो आणि वीज जाणार असा मेसेज आला की चिंगीची रवानगी बहिणीकडे, तिथली वीज दुसऱ्या लाइनवरून येते.

मात्र प्रत्येक वेळी उन्हाचंच निमित्त असतं असं नाही. श्रावणात वहीत आकडे उतरू लागले : ५४०, ५३१, ५२२, सहाव्या दिवशी ५०५ ग्रॅम. ती हिंडत होती, पण लेंड्या बारीक आणि कमी, आणि गवत तसंच पडलेलं. दाढेला टोक आलं होतं, जिभेला टोचत होतं. यांचं पोट दिवसभर थांबलं तरी जिवावर बेतू शकतं. बाईंनी आधी वहीच पाहायला मागितली. त्याच आठवड्यात वहिनींनी उरलेल्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. ते औषध तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून हा प्राणी दगावू शकतो. ही आता हसत नाही, वजन तीच करते.

विक्रेत्यांनी प्राण्यासोबत तापमानाचा आकडा लिहिलेलं साधं कार्ड दिलं तरी पुष्कळ. आपण पुन्हा असा फोटो छापाल तेव्हा त्याच्याशेजारी तो आकडा जरूर द्या. आणि कल्याण-ठाणे पट्ट्यात असे प्राणी रात्री तपासणारं कुणी असेल तर कृपया या सदरातून कळवावं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एकच नंबर आहे आणि तो रात्री नऊला बंद होतो.

आपला,
एक निवृत्त रोखपाल, डोंबिवली (पूर्व)