नॉर्डलिंगेनला जातेस तर...

चि. मृणाल हीस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर जर्मनीतल्या नॉर्डलिंगेनला निघालीस हे बाबांकडून कळलं. म्युनिकहून जाताना डोनाववर्थला गाडी बदल. गावाची तटबंदी अख्खी शाबूत आहे, साधारण 2.7 किलोमीटर, आणि तिच्यावरून छपराखालून चालत पूर्ण फेरी मारता येते. फोटो काय ते तिथे काढून घ्या.

खरी गंमत दगडात आहे. सेंट गेऑर्ग चर्चच्या भिंतीला अगदी खेटून उभी राहा. करड्या दगडात काळपट काचेचे तुकडे रुतलेले दिसतील. हा स्युव्हाइट, उल्केच्या आघाताने तयार झालेला खडक. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळून रीस नावाचं विवर झालं, खडक वितळले आणि त्या दाबाने ग्रॅफाइटचे बारीक हिरे झाले. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे मैत्रिणींना उगाच आशा लावू नकोस! 1427 पासून चर्च बांधणाऱ्या पाथरवटांना यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. शास्त्रज्ञसुद्धा कितीतरी वर्षं हे ज्वालामुखीचं विवर म्हणत होते. 1960 साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना तिथल्या दगडात कोएसाइट नावाचं, प्रचंड दाबाखालीच होणारं खनिज सापडलं. ते जमिनीच्या वरच्या थरात उल्केच्या आघातानेच होतं, म्हणून वाद मिटला. आपल्या लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणायचे. मी वर्गात भूगोल शिकवताना दोन्ही नावं एका दमात घ्यायचे.

चर्चच्या मनोऱ्याला डॅनियल म्हणतात. 350 पायऱ्या आहेत, बाबांनी वाटेत चारदा गुडघ्यांची चौकशी केली. पण वर गेल्याशिवाय राहू नकोस. लोणारला काठावर उभं राहिलं की जेमतेम पावणेदोन किलोमीटरचं विवर एका नजरेत मावतं. रीसचा व्यास पंचवीसेक किलोमीटर. लांब क्षितिजावर झाडीच्या टेकड्या दिसतात ना, तो विवराचा काठ. मधली शेतं, खेडी आणि हे गाव, सगळं त्याच्या पोटात.

रीस विवर संग्रहालय चुकवू नका, तिथे अपोलो 16 ने आणलेला चंद्रावरचा दगड आहे. 1970 साली अपोलो 14 चे अंतराळवीर याच परिसरात दगड ओळखायला शिकले. तीस वर्षांच्या युद्धातल्या इथल्या 1634 च्या लढाईचं तुला इतिहासात वाचून माहीत असेलच.

आणि मुक्काम गावातच कर. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरचा पहारेकरी वरून हाळी देतो, शेवटच्या गाडीने परतलीस तर ती ऐकायची राहील. स्वेटर घे, वर वारा बोचतो.

तुझी,
आई